खोटी गाडी, खरे रूळ

आमच्या न्यू जर्सीच्या घरात, तळघराच्या जिन्याखाली एक खोका आहे. पुठ्ठा मऊ पडलाय, कोपरे फाटलेत, आणि भोवती काथ्याची दोरी आहे. ती दोरी कुर्डुवाडीहून आली. १९८९ च्या हिवाळ्यात अण्णा-आई आमच्याकडे आले तेव्हा अण्णांच्या ट्रंकेला ती बांधलेली होती. जाताना ती त्यांनी या खोक्याला बांधली, गाठ आवळून बघितली आणि म्हणाले, "आता सुटत नाही." खोक्यात एक आगगाडी आहे. काळं इंजिन, मागे टेंडर, तीन डबे आणि प्लास्टिकच्या रुळांचं एक गोल. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची ती स्वस्त नक्कल आहे.

अस्सल गाडी गावातल्या खेळण्यांच्या दुकानात, काचेच्या आत फिरायची. डिसेंबरात त्या दुकानासमोरून जाताना मुलीचा हात माझ्या हातातून सुटायचाच. लाल खोके एकावर एक रचलेले आणि त्यांच्यापुढे पितळी रुळांवर दोन आसांचं एक छोटं, जाडजूड इंजिन संथपणे फेऱ्या घालत असे. छोटं म्हणजे आगगाडी म्हणून छोटं. खेळणं म्हणून पाहिलं तर दोन्ही हातांत धरावं लागेल एवढं. ही एल.जी.बी. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीची, 'लेमान ग्रोस बान', म्हणजे लेमानची मोठी गाडी. हे लेमान मूळचे पत्र्याची खेळणी करणारे. १८८१ साली ब्रांडेनबुर्गला त्यांचा कारखाना निघाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नव्याने उभा राहिला. रिश्टर कुटुंबातल्या व्होल्फगांग आणि एबरहार्ड या भावांनी १९६८ च्या न्यूरेंबर्ग खेळणी मेळ्यात ही मोठी गाडी मांडली. त्या काळात हौशी लोकांच्या गाड्या लहान-लहान होत चालल्या होत्या. सगळ्यांत चालणारं एच.ओ. माप म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या भावांनी उलट दिशा धरली. साडेबावीसाव्या भागाची गाडी, पंचेचाळीस मिलिमीटरचा रूळ आणि ऊन, पाऊस, बर्फ सोसेल असं प्लास्टिक. गाडी टेबलावरून उतरून बागेत गेली.

दुकानदाराने किंमत सांगितली. एक इंजिन, दोन डबे आणि रुळांचं गोल, एवढ्याच्या किमतीत आमचा महिन्याचा किराणा भरूनही पैसे उरले असते. मला या देशात येऊन पाच वर्षं झाली होती, घरी दर महिन्याला पैसे जात होते आणि मोटार जुनी होती. मी मुलीला म्हटलं, "बघून घे." ती बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ उमटलं.

चार दिवसांनी औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांच्या मागच्या रांगेत, नाताळच्या सामानात मला ही दुसरी गाडी दिसली. तेवढीच मोठी. तसंच मोठं धुराडं, तशीच खिडक्यांची रांग, डब्यांना जोडायला तसाच आकडा आणि कडी. किंमत अस्सल गाडीच्या एका डब्याएवढीही नव्हती. मी खोका उचलला. त्या क्षणी मला फार आनंद झाला, आणि तो आनंद आजही तितकाच स्पष्ट आठवतो.

घरी दिवाणखान्यात गोल मांडलं. टेंडरमध्ये सहा जाड सेल घातले. बटण सरकवल्यावर इंजिन निघालं. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि मधला डबा आतल्या बाजूला कलंडला. उचलून ठेवला, पुन्हा कलंडला. मुलगी रडली नाही. प्रत्येक वेळी ती तो उचलायची, पोटाला लावायची आणि पुन्हा रुळावर ठेवायची. माझ्याच पोटात कालवत होतं. वाटलं, स्वस्तातलं आणलं आणि पोरीला पडणारी गाडी दिली.

अण्णा सोफ्यावर शाल घेऊन बसले होते. ते उठून खाली जमिनीवर आले. त्यांनी डबा हातात घेतला, वर-खाली करून तोलला आणि म्हणाले, "ह्याला वजन कुठाय? रूळ धरणार कशाच्या जिवावर?"

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचं सगळं आयुष्य बार्शी लाइटवर गेलं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव सांगावं लागत नाही, पण माझ्या नातवाच्या पिढीला सांगायला हवं. कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. तिथून बार्शीपर्यंतचा पहिला तुकडा १८९७ साली सुरू झाला, अडीच फुटी रुळांचा. पुढे तो एका अंगाला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला लातूरपर्यंत गेला. आषाढीला डब्यांच्या टपावर माणसं बसलेली मी पाहिली आहेत. ही गाडी बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता. त्याने एकच तत्त्व धरलं होतं. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार यायचा नाही, आणि जो येईल तो सगळ्या आसांवर सारखा. भार सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल सुखरूप जातो. अण्णांनी कॅलथ्रॉपचं नाव ऐकलं होतं की नाही ठाऊक नाही. तत्त्व मात्र त्यांच्या हातात होतं.

त्यांनी विचारलं, "घरात जड, चपटं, सारखं असं काय आहे?" मुलगी आपला पैसे साठवायचा डबा घेऊन आली. त्यात पेनी होत्या. आजोबा-नातीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्या तोलल्या. एक पेनी अडीच ग्रॅम, म्हणजे शंभर पेनींचं पाव किलो. अण्णांना याचं फार कौतुक वाटलं. म्हणाले, "एका डॉलरात पाव किलो! ह्याहून स्वस्त वजन मिळायचं नाही." त्यांनी प्रत्येक डब्याच्या तळाशी, चाकांच्या बरोबर वर, दोन्हीकडे मोजून सारख्या पेनी चिकटपट्टीने बसवल्या. मग चाकं काढली. साच्याच्या दोन भागांचा सांधा चाकाच्या कडेवर बारीक धारेसारखा उठला होता. पॉलिश पेपरने तो घासून त्यांनी चाकं गुळगुळीत केली. आसाला तेल लावू दिलं नाही. प्लास्टिकला तेल नको म्हणाले, आणि शिसपेन्सिलीचं टोक खरवडून तिची पूड बोटाने आत भरली. टेंडर त्यांनी दुपारी एकट्यानेच उघडून पुन्हा बंद केलं.

त्या रात्री गाडीने पंचवीस फेऱ्या मारल्या. मुलीने मोजल्या. एकही डबा पडला नाही.

आज मागे वळून बघताना वाटतं, अस्सल गाडी आणली असती तर ही रात्र झालीच नसती. ती पहिल्या फेरीपासून नीट चालली असती. तिच्या पोटात वजन आधीच घातलेलं असतं, इंजिनाची चाकं धातूची असतात, आस नेमके बसवलेले असतात. तिच्यात काय काय आहे हे आम्हाला कधी कळलंच नसतं, कारण कशाचीच उणीव जाणवली नसती. आमच्या नकलेत ते सगळं नव्हतं, आणि जिथे जिथे काही नव्हतं तिथे तिथे अण्णांनी बोट ठेवलं. अस्सल माल कशाने अस्सल होतो, ते मला त्या खोट्या गाडीने शिकवलं.

शिकवणं तिथेच थांबलं नाही. जाण्याआधी एक दिवस अण्णांनी प्लास्टिकच्या रुळांतलं अंतर पट्टीने मोजलं: पंचेचाळीस मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी आम्ही चालत खेळण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला विचारून अण्णांनी पितळी रुळाचा एक तुकडा हातात घेतला आणि त्यालाही पट्टी लावली. पंचेचाळीसच. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "गेज एकच आहे. घेत राहा हळूहळू."

हे पंचेचाळीस मिलिमीटर लेमान कंपनीनेही नव्याने काढलेलं नव्हतं. खेळण्यांतल्या रुळांची मापं ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या मेळ्यात ठरवून मांडली, त्यांतलं हे 'एक नंबर'चं माप. लेमानने ते जुनं माप उचललं आणि त्यावर मीटरगेजची गाडी बसवली. एक हजार मिलिमीटरला साडेबावीसाने भागलं की साधारण पंचेचाळीस येतात, हिशेब सरळ आहे. मग इतरांनी त्याच रुळावर वेगवेगळ्या मापांच्या गाड्या बसवल्या. अमेरिकेच्या तीन फुटी गेजसाठी खऱ्याचा साधारण विसावा भाग, मोठ्या स्टँडर्ड गेजच्या गाड्यांसाठी बत्तिसावा किंवा एकोणतिसावा. डबे शेजारी उभे केले तर उंच-बुटके दिसतात, आणि काटेकोर हौशी लोकांना ते सहन होत नाही. पण रूळ सगळ्यांचा एक. औषधांच्या दुकानातली माझी गाडीही त्यातच आली.

पुढच्या उन्हाळ्यापासून मी दर वाढदिवसाला, दर बोनसला पितळी रुळाचे दोन-तीन तुकडे घेत गेलो. तीस अंशांचे बारा वाकडे तुकडे जुळले की सव्वा मीटरच्या आतबाहेरचं एक गोल पुरं होतं. ते पुरं व्हायला मला दीड वर्ष लागलं. मग धातूची चाकं, एकेक जोडी करून. खोट्या डब्यांखाली खरी चाकं आली आणि पितळेवर पहिल्यांदा तो आवाज निघाला, सांध्यावरून जातानाचा 'खट्‌-खट्‌, खट्‌-खट्‌'. फोनवर मी तो आवाज अण्णांना ऐकवला. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, "सांध्यात फट जास्त ठेवलीस."

१९९४ साली अस्सल इंजिन घरी आलं, काचेआडचं तेच, 'श्टाइन्त्स'. मूळ इंजिन ऑस्ट्रियातल्या एका छोट्या गाडीचं, ७६० मिलिमीटर गेजवरचं. आमच्या बार्शी लाइटचा गेज ७६२. फरक दोन मिलिमीटरांचा. ते इंजिन पहिल्यांदा हातात घेतलं आणि मी नकळत तेच केलं जे अण्णांनी त्या रात्री केलं होतं. वर-खाली करून तोललं. हाताला भार लागला आणि त्या भारामागची माणसं दिसली. साचा कोरणारा, गिअर जुळवणारा, वीस वर्षं पावसात चाललं पाहिजे म्हणून प्लास्टिक निवडणारा. नकलेने यांतल्या कुणालाही काही दिलेलं नव्हतं. त्यांच्या कल्पनेचा चेहरा उचलून तिने स्वस्तात विकला होता. हे मला तेव्हाही बोचलं, आजही बोचतं. माझ्यापुरता मी ते देणं मानलं आणि पुढची वीस वर्षं जमेल तसं फेडलं. त्या नकलेच्या उधारीवर मी अस्सल मालाचा गिऱ्हाईक झालो.

आता काळ फार बदलला आहे. लेमान कंपनीचं २००६ साली दिवाळं निघालं, २००७ मध्ये मेर्कलिनने एल.जी.बी. घेतली. म्हणजे एक नंबरचं माप मांडणाऱ्या घरातच ती गाडी परत आली. लाल खोके आजही निघतात, सुंदर निघतात. आतल्या डिजिटल यंत्रणेतून वाफेचा, शिट्टीचा, घंटेचा आवाज येतो. इथल्या हौशी लोकांचं 'गार्डन रेलवेज' हे मासिक १९८४ मध्ये, मी या देशात आलो त्याच वर्षी, सुरू झालं आणि २०२० मध्ये थांबलं. त्याचे जुने अंक माझ्याकडे रांगेने लावलेले आहेत. आणि शनिवारी सकाळी गल्लीतल्या घरापुढे जुनं सामान मांडलेलं असतं, तिथे कधी कधी तेच लाल खोके दिसतात. बागेत रूळ टाकणारी माणसं थकली, गेली, आणि मुलांना ते सामान कुठे ठेवायचं कळत नाही. १९८९ साली ज्या किमतीपुढे मी मान खाली घातली होती, तिच्या एका तुकड्यात आज ते इंजिन मिळतं. मी ते घेतो, घरी आणून साफ करतो. पण घेताना आनंद होत नाही. कुणाच्या तरी बागेतली गाडी बंद पडली, एवढंच मनात येतं.

आणि स्वस्त गाड्या? त्याही आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. गेल्या डिसेंबरात नातवासाठी कुणीतरी एक पाठवली. दिसायला देखणी. धूर निघतो, दिवा लागतो, गाणंही वाजतं. नातू खूश झाला. मला मात्र राहवलं नाही, मी पट्टी लावली. पंचेचाळीस नव्हतं. सदतीस-अडतीसच्या मधे काहीतरी, दुसऱ्या कुठल्याच रुळाशी न जुळणारं. उलटी करून बघितली, तर एकही स्क्रू नाही. दोन भाग चिकटवून टाकलेले. बॅटरी आतच बंद. तीन आठवड्यांनी ती थांबली. नातवाने ती माझ्याकडे आणली, कारण त्याने ऐकलेलं आहे की आजोबा गाड्या दुरुस्त करतात. मी ती हातात घेऊन कितीतरी वेळ बसलो. पाना लावायला जागाच नव्हती. त्या वयाच्या मुलाला "हे उघडतच नाही रे" असं सांगावं लागणं फार वाईट.

तेव्हाच्या आणि आताच्या नकलेतला फरक मला त्या संध्याकाळी समजला. तेव्हाच्या नकलेने अस्सल गाडीचा चेहरा तर घेतलाच, पण तिचा गेजही घेतला, जोडायचा आकडाही घेतला आणि पोटाला चार स्क्रू ठेवले. ती हलकी होती, तिची चाकं वेडीवाकडी होती, पण तिच्यातून पुढे जायला वाट होती. गरिबाचं मूल त्याच रुळावरून, एकेक तुकडा जोडत, अस्सल गाडीपर्यंत पोचू शकत होतं. आताच्या नकलेने फक्त चेहरा घेतला. ती कशाला जुळत नाही, उघडत नाही, कुठे नेत नाही. माझी तक्रार स्वस्तपणाबद्दल नाही. स्वस्त वस्तू व्हायलाच हव्यात, नाहीतर काचेवर श्वासाची वर्तुळं उमटवणाऱ्या मुलांनी करायचं काय? पण स्वस्त वस्तूने दार तरी उघडं ठेवावं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळी पितळी रुळांवाले आम्ही लोक बॅटरीच्या गाडीला खेळणं समजायचो. वीज रुळांतून यायला हवी, तीच खरी गाडी. पण रुळांतून वीज घ्यायची तर रूळ चकचकीत हवेत. दर शनिवारी गुडघ्यांवर बसून मी पितळेवरचा काळा थर घासत असे. पानं पडली, दव पडलं की अस्सल इंजिन अडखळायचं. आज बागेतली हौशी मंडळी भेटतात तेव्हा वेगळंच ऐकू येतं. अनेकांनी रुळांतली वीज काढून टाकली आहे. इंजिनात नाहीतर मागच्या डब्यात लिथियमची बॅटरी, एक छोटा रेडिओ, हातात रिमोट. रूळ गंजू दे, काळा पडू दे, गाडी चालते. जी गोष्ट आम्ही नकलेचं उणेपण मानत होतो, तीच आज जाणत्यांनी अभिमानाने स्वीकारली आहे. माझी काळी गाडी १९८९ पासून हेच करत होती.

म्हणून यंदा मी तो खोका बाहेर काढला. अण्णांच्या दोरीची गाठ कापली नाही, नखाने हळूहळू सोडवली. अण्णांना जाऊन वीसहून अधिक वर्षं झाली. बार्शी लाइटचे रूळही उरले नाहीत. टप्प्याटप्प्याने तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूरहून मुंबईला थेट गाडी जाते, आणि ते चांगलंच झालं. आषाढीला टपावर बसून जायची पाळी कुणावर येऊ नये. पण अडीच फुटी गाडी पुन्हा एकदा बघायची मला फार इच्छा आहे. ७६२ ला पंचेचाळीसने भागलं की जवळजवळ सतरा येतात. सतराव्या भागाचे डबे केले तर पंचेचाळीसच्या रुळावर बार्शी लाइट चालेल. माझी मुलगी, जिने पंचवीस फेऱ्या मोजल्या होत्या, आता इंजिनियर आहे. कुर्डुवाडीच्या जुन्या फोटोंवरून तिने संगणकावर डबा आखला आणि थ्री-डी प्रिंटरवर तो थरावर थर चढवून काढला. नवे डबे, खाली जुनी चाकं, तळाशी त्याच पेनी.

इंजिन ओढायला तेच काळं, औषधांच्या दुकानातलं. सहा सेलच्या जागी लिथियमची बॅटरी बसवायची म्हणून मी टेंडरचे चार स्क्रू काढले. झाकण उलटं केलं, तर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं. अक्षर अण्णांचं. मुलीच्या रंगपेटीतला रंग असणार. ठरावीक मुदतीची दुरुस्ती, म्हणजे पी.ओ.एच., होऊन वर्कशॉपमधून डबा निघाला की त्याच्या अंगावर लिहितात, तसंच त्यांनी लिहिलं होतं: "पी.ओ.एच. कुर्डुवाडी १२-८९." खाली "पुढील पी.ओ.एच." आणि त्यापुढे जागा कोरी.

औषधांच्या दुकानातल्या त्या गाडीला त्यांनी आपल्या वर्कशॉपच्या हजेरीत घेतलं होतं. मी बॅटरी बसवली, तारा डाखल्या, आसांत शिसपेन्सिलीची पूड भरली. मग नातवाला बोलावलं आणि बारीक ब्रश त्याच्या हातात दिला. देवनागरी आकडे त्याला अजून नीट येत नाहीत. म्हणून मी कागदावर महिना आणि साल काढून दिलं आणि तो बघून बघून कोऱ्या जागेत लिहू लागला.